पीएसपीवर काय खेळावं आणि कशाला हात लावू नये

ताई, तुमचा प्रश्न असा की भाच्याला अकरावं लागलंय, ओळखीतल्या एकाकडून सेकंडहँड पीएसपी ३०००, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं जुनं गेमिंग मशीन, मिळतोय, सोबत पंधरा-वीस डिस्क आहेत, त्यातल्या कुठल्या ठेवायच्या, कुठल्या परत करायच्या, आणि आता सगळं मोबाईलवर मिळत असताना ह्या जुन्या मशीनवर खेळण्यासारखं खरंच काही उरलंय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, आहे, भरपूर आहे. मी सोळा वर्षं झाली हँडहेल्ड उघडून दुरुस्त करतोय, आणि दुरुस्त झालेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी त्यावर गेम चालवून बघावाच लागतो, दोन मिनिटं नाही, चांगला अर्धा-पाऊण तास, त्याशिवाय बटण कुठे अडकतंय ते कळत नाही. त्यामुळे चांगले गेम तर खेळलोच पण वाईट गेमसुद्धा बरेच हाताखालून गेलेत.

आता गेमची नावं सांगायच्या आधी मशीनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. मशीनच्या डाव्या बाजूला, बाणांच्या बटणांच्या खाली एक छोटी गोल खरखरीत टिकली आहे बघा, तो ॲनलॉग. तो प्लेस्टेशनच्या रिमोटवरच्या दांड्यासारखा कलत नाही, सपाट सरकतो. उघडलात तर त्याच्या खाली काळ्या रबराचा छोटासा तुकडा असतो, त्यातूनच सगळा सिग्नल बोर्डाला जातो, त्यावर धूळ-घाम बसला की गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालायला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या पीएसपीत हीच तक्रार सगळ्यात जास्त. पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की असा ॲनलॉग एकच आहे. उजव्या बाजूला दुसरा नाही. आणि वरची शोल्डर बटणंसुद्धा दोनच, चार नाहीत.

पीएसपी जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला, अमेरिकेत मार्च २००५ मध्ये. त्या काळात घरोघरी प्लेस्टेशन २ होता आणि त्याच्या रिमोटवर दोन ॲनलॉग, एकाने चालायचं, दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा, आणि बरेच गेम ह्याच हिशोबाने बनलेले. मग कंपन्यांनी केलं काय, तोच गेम उचलला आणि ४.३ इंचाच्या स्क्रीनवर आणला. चालणं जमलं, पण कॅमेऱ्याचं काय करायचं? ज्याने ह्या प्रश्नाचं उत्तर गेम बनवायच्या आधी शोधलं त्याचा गेम चांगला झाला, आणि ज्याने गेम बनवून झाल्यावर शोधलं त्याचा गेम हातात धरवत नाही. मी तरी आजपर्यंत पीएसपीचा प्रत्येक गेम ह्याच एका कसोटीवर बघत आलोय आणि फार कमी वेळा फसलोय.

उदाहरण देतो. गॉड ऑफ वॉर : चेन्स ऑफ ऑलिम्पस, २००८ चा, रेडी ॲट डॉन नावाच्या स्टुडिओने केलेला. मोठ्या कन्सोलवर ह्या मालिकेत उजव्या ॲनलॉगने उडी मारून वार चुकवायचा असतो. इथे तो ॲनलॉगच नाही. मग त्यांनी काय केलं, दोन्ही शोल्डर बटणं एकत्र दाबून धरायची आणि डावा ॲनलॉग सरकवायचा, की झाला क्रेटोस, म्हणजे गेमचा हिरो, बाजूला. वाचायला किचकट वाटतं पण दहा मिनिटांत बोटं स्वतःहून करायला लागतात. कॅमेरा तर ह्या मालिकेत आधीपासूनच गेम स्वतः सांभाळतो, खेळणाऱ्याने फिरवायचा नसतो, म्हणजे अर्धी अडचण मुळातच नव्हती. शिवाय सोनीने सुरुवातीला बॅटरी वाचावी म्हणून प्रोसेसर २२२ मेगाहर्ट्झवर बांधून ठेवला होता, २००७ मध्ये पूर्ण ३३३ वर चालवायची मोकळीक दिली आणि ह्या गेमने ती पुरेपूर वापरली. २०१० चा घोस्ट ऑफ स्पार्टा त्याच्याही पुढचा. मला विचाराल तर ह्या मशीनमधून ह्यापेक्षा जास्त कुणी काही काढलं नाही. पण ताई, हे दोन्ही अकरा वर्षांच्या मुलासाठी अजिबात नाहीत, रक्तपात आहे, नको ते प्रसंग आहेत, ह्या डिस्क त्यात असतील तर तुम्ही ठेवा, त्याला देऊ नका.

भाच्यासाठी पहिला गेम मी सांगेन तो लोकोरोको. २००६ चा. ह्यात ॲनलॉग लागतच नाही! डावं शोल्डर बटण दाबलं की जमीन डावीकडे कलते, उजवं दाबलं की उजवीकडे, दोन्ही एकदम दाबून सोडली की उडी. बस. पिवळा गोल लोकोरोको घरंगळत जातो, फळं खातो, फुगतो, आणि अरुंद जागा आली की गोल बटण दाबायचं, त्याची छोटी छोटी पिल्लं होतात आणि सगळी गात गात फटीतून पलीकडे जातात. गाणं कुठल्याच भाषेतलं नाही, उगाच बनवलेले शब्द, पण माझी मुलगी चार वर्षांची असताना ते तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की जेवताना म्हणायची. गेम बनवणाऱ्यांनी मशीन हातात धरून बघितलं असणार, की बाबा ह्याची कुठली बटणं बोटांखाली आपोआप येतात, आणि तिथून सुरुवात केली असणार, असं तो खेळताना सारखं वाटत राहतं.

दुसरा पॅटापॉन. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझा सगळ्यात आवडता आहे. सावलीच्या बाहुल्यांसारखं चित्र, एक डोळा असलेले काळे चिमुकले सैनिक, आणि तुम्ही त्यांचे ढोलवाले. सैनिकांना बटणाने चालवायचं नाही, तालाने हुकूम द्यायचा. चौकोन म्हणजे पटा, गोल म्हणजे पोन, त्रिकोण म्हणजे चाका. पटा-पटा-पटा-पोन वाजवलं की पुढे चालतात, पोन-पोन-पटा-पोन म्हणजे हल्ला, चाका-चाका-पटा-पोन म्हणजे ढाल धरून बचाव. चार ठोके तुमचे, मग चार ठोके सैनिक तेच गात काम करणार, त्या वेळात तुम्ही हात थांबवायचा, आणि बरोब्बर पुढच्या ठोक्याला परत सुरू. स्क्रीनची कड तालावर उजळते, तिच्याकडे बघत वाजवायचं. सलग बिनचूक वाजवत गेलात की फीव्हर चढतो, सैनिक नाचत नाचत लढतात. एकदा एक मुलगा मशीन न्यायला आला होता, ढोल पथकात वाजवणारा, गेम कधी बघितलेला नाही, मी म्हटलं घे वाजवून बघ, आणि त्याने पहिल्या फटक्यात फीव्हर लावला, कारण त्याला थांबायचं कुठे ते माहीत होतं. नवीन माणूस तिथेच चुकतो, सैनिक गात असताना मध्येच बटण मारतो. ह्या गेमला ना ॲनलॉग लागतो ना कॅमेरा, चार बटणं आणि कान. फक्त भाच्याला सांगा आवाज बंद करून खेळू नकोस, आणि मोबाईलवर खेळायचा असेल तर ब्लूटूथ इअरफोन नको, आवाज किंचित उशिरा येतो आणि अख्खा ताल कोसळतो.

ल्युमिनेस पण त्याच पंक्तीतला, मशीनबरोबरच आलेला, तेत्सुया मिझुगुची ह्यांचा. दोन रंगांचे चौकोनी ठोकळे पडतात, एकाच रंगाचे चार जुळवायचे, पण ते लगेच जात नाहीत, गाण्याच्या तालावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत येते तेव्हा जातात, त्यामुळे तुम्ही नकळत गाणं ऐकून ठोकळे ठेवायला लागता. प्रवासात ह्यासारखा गेम नाही, लोकलमध्ये बसायला मिळालं तर कल्याणवरून दादरपर्यंत एक डाव पुरतो. टेकन डार्क रिझरेक्शन, २००६, हाही ठेवा, मारामारीचा आहे पण मोठं मूल खेळू शकतं, बाणांच्या बटणांवर चालतो म्हणून ॲनलॉगचा त्रास नाही, फक्त तिरकं दाबताना पीएसपीची बाणांची बटणं जरा दगा देतात, अंगठा सपाट ठेवायची सवय लावावी लागते.

आता मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट. हा गेम माझ्या कसोटीला छेद देणारा आहे म्हणून मुद्दाम सांगतो. ह्यात कॅमेरा बाणांच्या बटणांवर आहे, आणि चालणं ॲनलॉगवर, आणि दोन्ही डाव्याच बाजूला, एका अंगठ्याने दोन्ही कसं करणार? तर खेळणाऱ्यांनी स्वतःच एक पकड शोधून काढली. अंगठा ॲनलॉगवर, आणि पहिलं बोट वरून वाकवून बाणांच्या बटणांवर, पक्ष्याच्या पंजासारखं. अर्ध्या तासात मनगटाला रग लागते. नियमाने बघितलं तर हा वाईट गेम ठरायला हवा. पण ठरत नाही, कारण राक्षसाच्या हालचाली वाचून, योग्य वेळी वार करून, चार मित्र समोरासमोर बसून वायरलेसवर एकत्र शिकार करतात ती मजा इतकी आहे की लोकांनी हात वाकडा केला पण गेम सोडला नाही. जपानमध्ये तर पीएसपी ह्याच मालिकेने विकला. आणि हे बघूनच मेटल गिअर बनवणाऱ्या कोजिमांच्या टीमने २०१० च्या मेटल गिअर सॉलिड पीस वॉकरमध्ये कंट्रोलच्या वेगवेगळ्या पद्धती दिल्या, त्यातल्या एकात उजवीकडच्या चार बटणांवर कॅमेरा आणि एकात मॉन्स्टर हंटरसारखा बाणांवर, ज्याचा हात जिथे बसलाय तिथे. शिवाय मिशन छोटी छोटी केली, बसथांब्यावर एक संपेल अशी. ह्याला म्हणतात मशीन ओळखून गेम करणं. भाच्याचा हात अजून लहान आहे, मॉन्स्टर हंटर दोन-तीन वर्षांनी.

जीटीएची लिबर्टी सिटी स्टोरीज २००५ ची आणि व्हाइस सिटी स्टोरीज २००६ ची. अख्खं शहर ६० मिलिमीटरच्या डिस्कवरून चालताना बघून तेव्हा आम्ही वेडे झालो होतो, दोघांत व्हाइस सिटी जास्त चांगली, हेलिकॉप्टर आहे, पोहता येतं, धंदे ताब्यात घेता येतात. गाडी चालवताना हा गेम झकास, पायी उतरून गोळीबार सुरू झाला की कॅमेरा आणि नेम दोन्हीची तारांबळ. मोठ्यांसाठीच. क्रायसिस कोअर, पर्सोना ३ पोर्टेबल, फायनल फँटसी टॅक्टिक्सची वॉर ऑफ द लायन्स, टॅक्टिक्स ओगर, हे सगळे गोष्टीचे आणि डोक्याचे गेम, उत्तम आहेत, पण वाचायला खूप इंग्रजी आहे. वॉर ऑफ द लायन्समध्ये मंत्र टाकताना गेम मंदावतो, ते मशीनचं दुखणं नाही, गेमचंच आहे, त्यासाठी मशीन माझ्याकडे घेऊन येणारे बरेच झाले.

ग्रॅन टुरिस्मोबद्दल लोक भांडतात. गाड्या ८०० च्या वर, चालवायला अप्रतिम, पण करिअर नाही, स्पर्धा जिंकत वर चढणं नाही, आणि गाड्या विकणारे एका वेळी चारच डीलर दिसतात, हवी ती गाडी यायची वाट बघत बसा. घोषणा २००४ ची आणि गेम आला २००९ ला, पाच वर्षं लोक वाट बघत होते, त्यामुळे राग जास्त होता. मी त्याला वाईट म्हणणार नाही. मुलाला नुसत्या गाड्या फिरवायला आवडत असतील तर ठेवा, नाहीतर बर्नआउट लेजेंड्स किंवा वाइपआउट प्युअर ह्याच्यापेक्षा जास्त खेळला जाईल.

आता वाईट. ह्यात दोन जाती आहेत. पहिली जात बंदूक घेऊन डोळ्यांसमोरून खेळायचे गेम. कोडेड आर्म्स, २००५. कॉल ऑफ ड्यूटी रोड्स टू व्हिक्टरी, २००७. ॲनलॉगने चालायचं आणि उजवीकडच्या चौकोन-त्रिकोण-गोल-फुली ह्या चार बटणांनी नेम धरायचा. बटणाला हळू आणि जोरात असं काही नसतं, दाबलं की नेम ठरलेल्या वेगाने सरकतो, म्हणून तो शत्रूच्या पलीकडे जातो, परत आणला की अलीकडे राहतो, शेवटी तुम्ही बटण सोडून स्वतःच पाय सरकवून नेम जुळवता. हे करून बघा, मी काय म्हणतोय ते एका मिनिटात कळेल. कोडेड आर्म्समध्ये वर खोल्याही एकसारख्या, कुठे आलो तेच कळत नाही. ह्याच मशीनवर किलझोन लिबरेशनवाल्यांनी हुशारी केली, डोळ्यांसमोरचा कॅमेराच काढून टाकला आणि वरून तिरकं दृश्य ठेवलं, कॅमेऱ्याचा प्रश्नच संपला. सायफन फिल्टर डार्क मिररने तीच चार बटणं नेमाला ठेवली तरी वेग आणि नेमाची मदत इतकी जपून जुळवली की तो खेळवतो. म्हणजे जमत नव्हतं असं नाही.

दुसरी जात प्लेस्टेशन २ चा गेम जसाच्या तसा कोंबलेली. प्रिन्स ऑफ पर्शिया रेव्हलेशन्स ह्याचं नाव घेताना मला वाईट वाटतं, कारण मूळ वॉरियर विदिन मी मनापासून खेळलोय. पीएसपीवर आवाज मध्येच तुटतो, लोडिंग लांबलचक, आणि भिंतीवरून पळताना कॅमेरा जिथे हवा तिथे येत नाही, उडी अंदाजाने मारायची. कुस्तीचा स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६ त्याच गटात, खेळायला ठीक पण एका मॅचसाठी इतकं लोडिंग की मुलं मध्येच मशीन खाली ठेवून उठून जातात. लोडिंगचं कारण डिस्क, ती हळू वाचली जाते, आणि ज्यांनी गेमचे तुकडे तसे विचार करून मांडले नाहीत त्यांचा गेम रखडतो. तुमचा ३००० आहे त्यात मेमरी पहिल्या मॉडेलच्या दुप्पट, ६४ एमबी आहे म्हणून थोडा फरक पडतो, पण थोडाच. सिनेमांवरचे गेम सरसकट वाईट नसतात, पण २००८ चा आयर्न मॅन त्या डिस्कमध्ये असेल तर न उघडता परत द्या. उडायचं, नेम धरायचा, कॅमेरा सांभाळायचा, सगळं एका ॲनलॉगवर टाकलंय आणि आकाशात शत्रू कुठल्या बाजूने मारतोय ते समजत नाही. मुलाच्या आवडीचा हिरो म्हणून आईवडील हाच आधी निवडतात आणि मूल दोन दिवसांत पीएसपी कपाटात टाकतं, हे मी किती घरांत बघितलंय. वाईट गेमचं खरं नुकसान तेच, मूल म्हणतं मशीनच वाईट आहे.

आपल्याकडे बनलेल्या गेमांबद्दलही सांगायला हवं. हैदराबादच्या गेमशास्त्रचा देसी अड्डा, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ, आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स. पीएसपीच्या स्क्रीनवर विटीदांडू पहिल्यांदा बघितला तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. गेम म्हणून ते उथळ आहेत, दोन-चार डाव झाले की नवीन काही हाती लागत नाही, पण विचार अगदी बरोबर होता, हे खेळ एका ॲनलॉगला आणि चार बटणांना जमणारेच आहेत, त्यावर अजून दोन वर्षं मेहनत घेऊ दिली असती तर काय झालं असतं असं मला नेहमी वाटतं. डिस्कमध्ये असतील तर परत देऊ नका, पुन्हा मिळणं अवघड आहे. आजोबांबरोबर बसून खेळू दे त्याला.

मोबाईलवर पीपीएसएसपीपी नावाचं, पीएसपीची नक्कल करणारं ॲप टाकून हेच गेम चालतात, लोडिंगही पटकन होतं, म्हणून पीएसपी कशाला घ्यायचा असं तुमचे मिस्टर म्हणताहेत असं लिहिलंय. लोडिंगचा त्रास जातो हे खरं. पण काचेवर अंगठा ठेवून ॲनलॉग चालवणं आणि खरखरीत टिकली सरकवणं ह्यात फरक आहे, आणि लोकोरोको तर शोल्डर बटणांशिवाय अर्धा मरतो. शिवाय पीएसपीवर मेसेज येत नाहीत, मुलगा खेळतो तेव्हा खेळतोच.

घेताना एवढं बघा. मागचं बॅटरीचं झाकण सपाट बसतंय ना, फुगलेलं असेल तर बॅटरी फुगलीय, ती लगेच काढून टाकायची, चार्ज करायची नाही. ॲनलॉगला हात न लावता गेममधला माणूस स्थिर उभा राहतो का ते बघा. स्क्रीनवर वेगात हलताना बारीक आडव्या रेघा दिसतील, ३००० मध्ये त्या असतातच, त्यावरून भाव पाडू नका. डिस्कची प्लॅस्टिकची टोपी दोन भागांची असते, कडेने उकलली असेल तर ड्राइव्हमध्ये अडकू शकते, आधी चिकटवून घ्या. परदेशातून कुणी गेमची डिस्क आणली तरी चालते, गेमना देशाचं बंधन नाही, फक्त जपानी डिस्कमध्ये बऱ्याचदा होकाराचं बटण फुलीऐवजी गोल असतं. पीएसपीवरून गेम विकत घ्यायची सोय २०२१ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळे आता मुख्य आधार डिस्कचाच, म्हणून त्या पंधरा-वीसही सगळ्या ड्राइव्हमध्ये घालून मेन्यूपर्यंत चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, अर्धा तास लागेल, लागू दे. मेमरी स्टिक वेगळी असेल तर तीही तपासा, नकली खूप आहेत, सेव्ह केलेलं दुसऱ्या दिवशी गायब होतं, आणि चाळीस तास पॅटापॉन खेळलेल्या मुलाचं सेव्ह उडालं तर काय होतं ते मी दुकानात उभं राहून बघितलंय. त्यापेक्षा ॲडॉप्टर घेऊन चांगल्या कंपनीचं मायक्रो एसडी टाका. आणि घरी आल्यावर पहिली डिस्क लोकोरोकोचीच लावा, ती त्या गठ्ठ्यात नसेल तर मला सांगा, माझ्याकडे एक जास्तीची आहे.